घेतलेला नंबर

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनीने दुरुस्तीला आलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नेटवर्क कार्ड बसवलं, फ्लॉपीवरून ड्रायव्हर चढवला, केबल जोडली आणि नेटवर्कवरची ओळख म्हणून कार्डाला एक नंबर दिला. पडद्यावर सूचना आली: हा नंबर दुसऱ्या कॉम्प्युटरकडे आहे.

तिने दुसरा दिला. तोही घेतलेला. तिसराही.

केबलच्या दुसऱ्या टोकाला एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर नणंद बसली होती. सकाळपासून दोघींचं बिनसलेलं होतंच.

"वन्सं, पुरे झाली मस्करी. माझे नंबर का पळवताय?"

"मी कशाला पळवू? माझा कॉम्प्युटर बंद आहे," नणंद फणकारली. "संशय घ्यायला तुला कारणच लागत नाही."

वहिनीने वाकून पाहिलं. तो खरंच बंद होता. तरी तिचं मन मानेना. तिने कार्डाची केबल उपटून काढली, नणंदेला शेजारी बसवून घेतलं आणि चौथा नंबर दिला.

घेतलेला.

केबलच नाही म्हटल्यावर नंबर घ्यायला दुसरं कुणी उरतच नव्हतं. आता नणंदेचाही चेहरा उतरला.

"एखादा नंबर मनातच धर," ती हळूच म्हणाली. "बोलू नकोस, टाइपही करू नकोस."

वहिनीने कीबोर्ड दूर सारला आणि डोळे मिटले.

नणंदेने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"वहिनी, तू एकशे सदुसष्ट धरलास का गं?"

वहिनीने डोळे उघडले. एकशे सदुसष्ट पडद्यावर आला होता आणि त्याच्याखाली तीच सूचना होती.