येतानाची ओळ

दगड जागेवर नव्हता.

विगो काखेत फर झाडाच्या फांद्यांची मोळी धरून पावसात उभा राहिला. थंडी कडक व्हायच्या आत थडगी हिरव्या फांद्यांनी झाकून घ्यायची, ही इथली रीत. मिकेलचं थडगं तो दरवर्षी स्वतःच्या हातांनी झाकायचा. त्याने डावीकडचं नाव वाचलं, उजवीकडचं वाचलं. दोन्ही शेजारी जागच्या जागी होते. मधे नुसती सारखी केलेली ओली माती.

रखवालदार होल्गर ढकलगाडी घेऊन येत होता. विगोने तिथूनच हाक मारली.

"होल्गर, माझ्या पोराचा दगड कुठाय?"

होल्गर जवळ आला, मातीकडे बघत राहिला. "तू जागा सोडलीस ना? म्हणून तर नेला."

"सोडली? उन्हाळ्यातच मुदत वाढवून घेतलीये मी. वेड लागलंय का तुला?"

इथे मेल्यावरसुद्धा माणूस भाडेकरूच. मुदत संपली की घरच्यांनी वाढवायची, नाहीतर सोडायची. सोडली की दगड उचलतात. होल्गर ऑफिसात गेला आणि सॉल्वायला घेऊन आला. चर्चच्या ऑफिसचं सगळं तीच बघायची. कोट डोक्यावर धरून, हातात मोबाईल घेऊन ती धावत आली.

यंदा तिने दफनभूमी वेबसाईटवर चढवली होती. प्रत्येक थडग्याची वेगळी नोंद, नोंदीत नाव आणि दगडाचा फोटो. सोडलेल्या थडग्यांवर लाल खूण. कंत्राटदाराची माणसं मोबाईलवर लाल खुणेचा फोटो बघत, तसा दगड शोधत आणि उचलून गाडीत टाकत. नावं वाचत बसायला त्यांना वेळ नव्हता.

सॉल्वायने मिकेलची नोंद उघडली. फोटोत उंच, काळा, गुळगुळीत दगड होता. त्यावर नाव क्रेस्टन ब्येरेचं. मग तिने ब्येरेची नोंद उघडली. त्याच्या कोपनहेगनच्या पुतण्यांनी जागा कधीच सोडून दिली होती. तिथे लाल खूण होती, आणि खाली मिकेलचा दगड.

"असं कसं होईल?" ती म्हणाली. "फोटो मी सगळे एकदम चढवले. होल्गरने ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. पहिली ओळ तर मी स्वतः ताडून पाहिली होती. सगळी बरोबर होती हो!"

शितावरून भाताची परीक्षा केली आणि बाई मोकळी झाली.

"होल्गर, तू फोटो काढलेस कसे?" विगोने विचारलं.

"कसे म्हणजे? एक ओळ जाताना, दुसरी येताना. टोकाला जाऊन रिकामा परत कोण येतो?"

शेतातलं औतही असंच फिरतं, त्यात होल्गरचं काही चुकलं नव्हतं. पण सॉल्वायने नोंदींची प्रत्येक ओळ चर्चच्या भिंतीपासूनच सुरू केली होती. जातानाच्या ओळी चोख बसल्या. येतानाच्या सगळ्या उलट्या झाल्या. मिकेल दुसऱ्या ओळीत भिंतीपासून दुसरा होता, ब्येरे त्याच ओळीत पलीकडच्या टोकापासून दुसरा. विगोने तिकडे पाहिलं. कोणालाच नको असलेला तो काळा दगड पावसात चकाकत उभा होता.

"माझा कुठे नेला?"

"मंगळवारी गाडी गेली," होल्गर म्हणाला. "थेट क्रशरवर."

"म्हणजे खडी झाली."

सॉल्वाय घाईघाईने चौथ्या, म्हणजे येतानाच्याच ओळीतल्या लाल खुणा उघडू लागली. एक उघडली, दुसरी उघडली, दोन्हींत भलतेच दगड, आणि तिचं बोट थांबलं.

"विगो, आम्ही नवा करून देऊ. अगदी तसाच. फोटो आहे ना आपल्याकडे!"

"तसाच?" विगोचा आवाज चढला. "आमच्या शेतातला धोंडा होता तो. नांगरटीनंतर दगड वेचताना त्याने निवडला. सात वर्षांचं पोर. मी आणि तो ढकलत ढकलत दारात घेऊन आलो. हा माझा, म्हणाला, कोणी हलवायचा नाही."

त्याला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण बोलता बोलता त्याचं लक्ष फाटकाबाहेर गाडीत बसलेल्या बायकोकडे गेलं आणि सगळा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती भीती.

"आस्ता गाडीत बसलीये," तो म्हणाला. "खुब्याने दगा दिल्यापासून तिला इथवर चालवत नाही. मी झाकून जातो आणि तिला सांगतो, पोरगं बरं आहे म्हणून. आज म्हणाली, नुसतं सांगू नकोस, फोटो काढून आण." तो सॉल्वायकडे वळला. "तिला काय दाखवू मी? ही माती?"

सॉल्वाय रडायला लागली. होल्गरने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

विगो म्हणाला, "तो तुझ्याकडचा फोटो. माझ्या मोबाईलवर पाठव."

तिने पाठवला. हा एक मात्र बरोबर माणसाला पोचला. विगोने फांद्या उघड्या मातीवर नीट रचल्या आणि तो फाटकाकडे निघाला.

आस्ताने चष्मा लावून मोबाईल हातात घेतला. करडा धोंडा, त्यावर कोरलेलं 'मिकेल' एवढंच नाव. भोवती गवतात डेझीची पांढरी फुलं, दगडाची आखूड सावली. गाडीच्या काचेवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते. विगोच्या टोपीतून थेंब गळत होते. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. बराच वेळ बघत राहिली.

"बरं ऊन पडलंय रे तिथे," ती म्हणाली.