जांभळा सोडून

“ह्यो जांभळाच घ्यायचा,” मंगलबाईंनी शालूची घडी मोडली आणि तो होणाऱ्या सुनेच्या मांडीवर पसरला. “आमच्याकडं समद्यांचं ठरलंय. बायका जांभळ्यात, गड्यांचे फेटे जांभळे, स्टेजबी जांभळं.”

स्नेहलनं मांडीवरचे दोन्ही हात उचलले. शालूला लागू नयेत म्हणून उचलले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भोरच्या बाजारपेठेतल्या त्या कापडदुकानात सकाळपासून बस्ता चालला होता. एका गादीवर कामथडीची नवऱ्याकडची मंडळी, समोरच्या गादीवर गुंजवण्याची नवरीकडची आणि मध्ये साड्यांचा ढीग. बस्ता म्हणजे अर्धी खरेदी आणि अर्धी परीक्षा. कोण काय मागतं, कोण कशाला नाक मुरडतं, हे दोन्हीकडच्या बायका बरोबर टिपून घेतात. पूर्वी निदान रंग ज्याचा त्याला निवडता यायचा. आता त्यालाही थीम लागते.

“वहिनी, धरा ना अंगाला,” सोनिया म्हणाली. ती नवरदेवाची, कुमारची धाकटी बहीण. फोटो काढायला मोबाईल रोखून बसली होती.

स्नेहलनं शालूला हात लावला नाही.

साखरपुडा झाल्यापासून तिला मेसेज येत होते. नाव नाही, फोटो नाही. पहिला एवढाच होता, ‘पिवळ्या साडीत लई झाक दिसत होतीस.’ साखरपुड्याला ती पिवळीच साडी नेसली होती. तिनं नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरवरून आला. तोही ब्लॉक केला. परवाचा मेसेज वाचून मात्र तिच्या हातातलं ताट खाली पडलं. ‘लग्नात जांभळा शालू नेस. नेसलीस तर समजंन, तुझं मन माझ्यावर हाय. भर मांडवातनं घेऊन जाईन.’

तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? मेसेज पाठवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, पोरीलाच विचारतात. तिच्या चुलतबहिणीचं ठरलेलं लग्न एवढ्याशा कुजबुजीवर मोडलं होतं. हेही मोडलं तर अण्णा, तिचे वडील, गावात तोंड दाखवायचे नाहीत.

माणूस कोण, याबद्दल तिला शंका नव्हती. वेल्ह्याचा गेनू. त्याचं स्थळ आलं होतं, अण्णांनी नाकारलं. स्थळ नाकारलं आणि साखरपुड्याला टेम्पो मात्र त्याचाच सांगितला, ओळखीचा म्हणून. आपल्याकडं असंच चालतं. आजही तोच त्यांना घेऊन आला होता आणि दुकानासमोर टेम्पो लावून आत बघत उभा होता.

“घे की गं. बरा दिसंल,” आई तिच्या कानाशी म्हणाली. विहिणीचा पहिलाच शब्द मोडायचा नव्हता तिला.

तेवढ्यात गेनू दारात आला.

“काकू, झालेली गठुडी टेम्पोत टाकू का?” त्यानं स्नेहलच्या आईला विचारलं. मग त्याची नजर शालूवर गेली. “झाक हाय की रंग.”

स्नेहल गादीवर मागं सरकली.

“जांभळा नको!”

आवाज नको एवढा चढला होता. दुकानदाराचं कात्रीचं काम थांबलं. गेनू गठुडं उचलून मुकाट्यानं बाहेर गेला.

“का गं?” मंगलबाईंनी विचारलं.

“मला नाही खुलत, आत्या.”

“न खुलायला काय झालं? चांगली उजळ हायेस.”

“दुसरा कुठलाही घ्या. तुम्ही म्हणाल तो. जांभळा सोडून.”

“समद्यांचं ठरलंय म्हणलं न्हवं मी?” मंगलबाईंनी शालू बाजूला सारला. “मग ऱ्हाऊ द्या. तुमचं तुमी ठरवा. आमी बसतो गप.”

आईचा चेहरा पडला. ‘बरं, घ्या’ हे शब्द स्नेहलच्या ओठावर आले होते. एका रंगापायी लग्न मोडलं तर? आणि हाच रंग नेसून ती बोहल्यावर उभी राहिली आणि गेनू मांडवात शिरला तर? तिनं डोळे मिटून मान हलवली. नाही म्हणजे नाही.

कुमार सकाळपासून भिंतीला टेकून बसला होता. साड्यांकडं त्यानं फारसं पाहिलं नव्हतं, बघत होता तो तिच्याकडं. आता तो पुढं सरकला.

“आई, तिला नको तर नको. जांभळा सोडून कायबी घ्या.”

स्नेहलचा जीव भांड्यात पडला. लेकानंच सांगितल्यावर मंगलबाई नमल्या. डाळिंबी शालू ठरला, फेटे मोतिया ठरले आणि सोनियानं एकदाचे फोटो काढले.

बाकीची मंडळी आहेराची लुगडी बघत बसली, तेव्हा कुमार तिला शेजारच्या रसवंतीत घेऊन गेला. समोर गेनू टेम्पोत गठुडी रचत होता. स्नेहलनं त्याच्याकडं पाठ केली. सगळ्यांसमोर आपली बाजू घेणारा माणूस मिळाला, याचं तिला भरून आलं होतं. याला सांगायला हरकत नाही. यालाच सांगायला हवं.

“एक सांगायचं होतं. रागावणार नाही ना?”

“सांग की.”

“साखरपुड्यापासनं मला कुणीतरी मेसेज पाठवतंय.” पुढचं तिला बोलवेना. तिनं रसाचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला.

कुमार रागावला नाही. कोण, कसले, असंही काही त्यानं विचारलं नाही. तिच्या हातातला ग्लास काढून त्यानं हळूच टेबलावर ठेवला.

“भिऊ नको. आता न्हाई येणार,” तो हसून म्हणाला. “नंबर ब्लॉक केलेस, एकदाबी उत्तर दिलं न्हाईस, अन् आज आई एवढी रुसली तरी जांभळ्याला हात लावला न्हाईस. लई चोख निघालीस तू.”