शपथेआधीचं पान

कावळा डेकच्या कठड्यावर येऊन बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं आणि न शिवताच उडून गेला. सकाळपासूनचा हा चौथा.

"रेडमंडच्या कावळ्यांना खीर-वडे काय कळणार," अरुण म्हणाला, पण हसला नाही. वडिलांची, म्हणजे भाऊंची तिथी कोणतीही असो, तो सर्वपित्रीच्या आसपासचा रविवार बघूनच पान ठेवायचा. भाऊंनी इतकी वर्षं ते चालवून घेतलं होतं. पान ठेवलं की दहा मिनिटांत कावळा हजर असायचा.

"आजोबा माझ्यावर रागावलेत," काचेच्या दाराआड उभी असलेली इशिता म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस," तिची आई रत्ना सोफ्यावरून म्हणाली. उद्या रत्नाचं डायलिसिस होतं. पाय सुजून जड झाले होते.

इशिता एकवीसची झाली आणि आईवडिलांच्या व्हिसावर अमेरिकेत राहायचा तिचा हक्क संपला. तिची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. पण ग्रीन कार्डाची रांग काही पुढे सरकेना. मग ती तीन तासांवर, कॅनडात, व्हँकुव्हरला जाऊन राहिली. आता तिथलं नागरिकत्व हातातोंडाशी आलं होतं. कॅनडाचा पासपोर्ट मिळाला की व्हिसाशिवाय आईकडे येता येणार होतं. अमेरिकेला यायचा आत्ताचा व्हिसा डिसेंबरात संपत होता आणि नव्यासाठी मुलाखतीची तारीख दीड वर्षानंतरची मिळत होती. रत्नाच्या हाती दीड वर्ष आहे की नाही, याबद्दल डॉक्टर आडून आडूनच बोलत.

घोडं अडलं होतं एका वाक्यापाशी. इंग्लंडचा राजा तोच कॅनडाचाही राजा; नागरिकत्व घेताना त्या राजाशी आणि त्याच्या वारसांशी मी एकनिष्ठ राहीन, असं शपथ घेऊन म्हणायचं होतं. त्या वाक्यापायी इशिताने जूनची तारीख चुकवली होती. परवा, मंगळवारी दुसरी होती. तीही चुकवली तर अर्जच निकालात निघणार होता.

आणि ते वाक्य तिच्या घशाखाली उतरत नव्हतं ते भाऊंमुळे. बेचाळीस साली सोळा वर्षांचे भाऊ पत्रकं वाटताना पकडले गेले. फौजदाराने भिंतीवरच्या बादशहाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. हात जोड, एकनिष्ठ राहीन म्हण, सोडतो. भाऊंनी हात जोडले नाहीत. तेरा महिने तुरुंगात काढले. इतर पोरं चिऊ-काऊच्या गोष्टी ऐकून झोपत, इशिता बाबांकडून ही ऐकून झोपायची. आजोबा तिच्या जन्माआधीच गेले होते, तरी ते कायम तिच्या मागे उभे असत. परीक्षेत शेजारणीच्या पेपरात डोकावताना, आईला थाप मारताना. वळून पाहावं तर कोणी नसे. अलीकडे तर ते स्वप्नात येऊ लागले होते. बोलत नसत, नुसते बघत राहायचे. तिला त्यांची भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाजही वाटायची.

ती दार सरकवून डेकवर गेली. पानासमोर हात जोडले.

"आजोबा, मी ती ओथ घेणार नाही. प्रॉमिस."

देवदाराच्या फांदीवर कावळे बसून राहिले. एकही खाली उतरला नाही.

ती आत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मी प्रॉमिससुद्धा केलं, बाबा. त्यांना हवंय तरी काय?"

अरुण बराच वेळ बाहेर पानाकडे बघत होता.

"खरं हवंय त्यांना," तो म्हणाला. "बस जरा."

ती बसली. तो मात्र उभाच राहिला, तिच्याकडे पाठ करून.

"भाऊ तुरुंगात गेलेच नाहीत. त्यांनी तसबिरीपुढे हात जोडले, सांगितलं ते म्हटलं. फौजदाराने त्यांना कचेरीत कारकून म्हणून चिकटवून दिलं. पाच वर्षं बादशहाचं मीठ खाल्लं त्यांनी. मला लाज वाटायची, म्हणून तुला उलटी गोष्ट सांगितली."

"सगळी खोटी?"

"सगळी."

इशिताने आईकडे पाहिलं. रत्नाने डोळे मिटून घेतले होते.

"आई, यू न्यू?"

"बाबा सांगतायत ते ऐक," रत्ना म्हणाली.

"म्हणजे मी इतकी वर्षं एका थापेला घाबरत होते. दॅट्स सो अनफेअर, बाबा."

अरुणने तेही ऐकून घेतलं. तो बाहेर गेला आणि पानासमोर गुडघे टेकून बसला. त्याचे ओठ किती तरी वेळ हलत होते. तो उठायच्या आत एक कावळा उतरला आणि त्याने वड्याला चोच लावली. पाठोपाठ दुसरा आला.

इशिताच्या अंगावर सरसरून काटा आला. बाबा खरं बोलले आणि पानाला कावळा शिवला. तिला राग आला होता, रडू येत होतं, आणि कधी नव्हे इतकं मोकळं वाटत होतं.

मंगळवारी तिने सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात शपथ घेतली. मागे कोणी उभं असल्याचं तिला जाणवलं नाही. त्या रात्रीपासून स्वप्नंही थांबली.

नोव्हेंबरात नवा पासपोर्ट घेऊन ती रेडमंडला आली. अरुण ऑफिसला गेला होता, रत्ना आत झोपली होती. इशिता चहा करत होती तेवढ्यात सांगलीहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आत्या म्हणजे अरुणची थोरली बहीण.

"दाखव बघू पासपोर्ट," आत्या म्हणाली. "भाऊंच्या नातीने राजाची शपथ घेतली म्हणायची."

"मी काही घरातली पहिली नाही, आत्या. आजोबांनीही घेतलेली. बाबांनी सांगितलं मला. तुरुंगबिरुंग सगळी थाप होती."

आत्याने चष्मा काढला. "अरुण म्हणाला असं?"

"हो. त्यांना लाज वाटायची म्हणे आजोबांची."

आत्याने चष्मा पदराला पुसला.

"तुरुंगात भाऊंची बोटं मोडली होती गं, दोन्ही हातांची," ती म्हणाली. "मरेपर्यंत त्यांना शर्टाची बटणं लावता आली नाहीत. शाळेत जायच्या आधी रोज ती अरुणच लावायचा."