ताटाखालचा निबंध

कोडीने ताट उचलून खालचा कागद पुसायला घेतला, तशी टेसाने त्याचं मनगटच धरलं.

"राहू दे ना रे. जेव आधी."

"रस्सा सांडलाय."

"सांडू दे. कागदच आहे तो."

कागदच होता, पण त्यावर टेसाचा निबंध छापलेला होता. चर्चच्या हॉलमध्ये साठ ताटं मांडली होती आणि साठही ताटांखाली तोच निबंध होता.

मे महिना सरता सरता समुद्रात लॉबस्टर पकडणाऱ्यांची सोसायटी गावजेवण घालते आणि कॉलेजला निघालेल्या एका पोराला किंवा पोरीला शिष्यवृत्ती देते. ताटाखालच्या कागदावर एरवी बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांच्या आणि दाताच्या डॉक्टरच्या जाहिराती असतात. यंदा जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस लंटना तिथे निवडलेल्या पोरीचा निबंध छापायची हौस आली. निवृत्त झाल्यावर बोस्टनहून इथे राहायला आलेल्या बाई, गावात त्यांना जेमतेम एक वर्ष झालेलं. त्यांनी कौतुकाने दारातच टेसाच्या कानात सांगितलं, "बघच तू, तुझ्यासाठी गंमत केलीय!" टेसाने कागद पाहिला आणि तडक कोडीच्या शेजारची खुर्ची गाठली.

गोष्ट सगळ्या गावाला तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात लॉबस्टरच्या पिंजऱ्याच्या दोरात पाय अडकून बाबा बोटीवरून खाली ओढले गेले. तिच्या भावाने, कोडीने, दातात सुरी धरून त्या बर्फासारख्या पाण्यात उडी टाकली, दोर कापला, बाबांना वर आणलं. टेसाने बोट वळवून धरली आणि रेडिओवरून मदत मागितली. दोरात चेमटलेली कोडीची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. चमचा तो डाव्या हाताने धरतो.

टेसाने नऊ कॉलेजांना अर्ज केले. नऊ ठिकाणी नऊ प्रश्न, पण तिच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच. पहिल्या कॉलेजला साडेसहाशे शब्द चालत होते. त्यात कोडी होता, त्याची बोटंसुद्धा होती. दुसऱ्याला चारशे हवे होते, तिथे बोटं गेली. मग अडीचशे. मग एका कॉलेजने विचारलं, तुम्ही स्वतः पुढाकार घेतलात असा एखादा प्रसंग सांगा, शब्द दीडशे. बोट वळवून धरली यात कसला आलाय पुढाकार? तिने सुरी स्वतःच्या दातात धरली. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला होता. पुढच्या तीन कॉलेजांना तेच पाठवताना अडखळलाही नाही. तिथे कोण ओळखतंय कोडीला! आणि सोसायटीचा अर्ज आला तेव्हा त्यातही दीडशेच शब्द मागितलेले. समिती शहरातली, निवड तिकडेच होते. नवीन कशाला लिहा? तयारच होता, जोडून दिला.

आता ती भावाला आग्रह करकरून वाढत होती.

"अजून बीन्स घे."

"तीनदा झाल्या गं."

"मग सॉसेज घे. ब्राऊन ब्रेड घे, लोणी लावून देते."

"काय भानगड आहे? आज माझ्या पोटाचा एवढा पुळका?" तो हसला. "कॉलेजात जायच्या आधी भावाला खाऊ घालून मारायचं ठरवलंयस होय?"

टेसाही हसली. हसताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निबंध दाखव म्हणून तो हिवाळाभर मागे लागला होता आणि ती टाळत आली होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! पण तिने त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

तेवढ्यात मिसेस लंटनी माइक हातात घेतला. "चला, आता गोड वाढायचंय, ताटं उचला! आणि ताटाखाली काय आहे ते वाचा बरं का! एवढीशी पोर आणि केवढं ते धाडस!"

ताटं उचलली गेली. आधी खुर्च्यांचे आवाज झाले, मग कागदांची सळसळ. समोरच्या बाकावरचा म्हातारा अर्ल वाचता वाचता थांबला. त्याने टेसाकडे पाहिलंच नाही, कोडीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसला. बाबा आत स्वयंपाकघरात बीन्सची भांडी घासत होते, तेवढीच टेसाची सुटका.

कोडीला वाचायला वेळ लागतो. तो ओळीखाली बोट धरून वाचत होता. 'मी दातात सुरी धरली' इथे बोट थांबलं. मग पुढे सरकलं, शेवटपर्यंत गेलं, आणि परत वर आलं. आपलं नाव कुठे निसटलं असेल म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कोडी," ती म्हणाली. "अरे, दीडशेच शब्द होते. एक जास्त झाला तरी ते घेत नाहीत. मी मोठ्या निबंधात लिहिलं होतं रे, खरंच लिहिलं होतं. सगळं होतं त्यात."

रस्सा सांडलेली बाजू आत करून त्याने कागदाची घडी घातली.

"टेसा मेरिल!" मिसेस लंट माइकवरून म्हणाल्या. "ये गं, लाजू नकोस! सगळ्यांनी टाळ्या वाजवा!"

टाळ्या सुरू झाल्या, इथून चार, तिथून दोन. टेसा उठली, पण पाऊल पुढे पडेना. कोडीने आपली खुर्ची मागे ओढून तिला वाट करून दिली.

"जा," तो म्हणाला. "माझं नाव एकाच शब्दाचं आहे, टेस."