लेकीच्या मापाची सीट

लेकीला आधाराशिवाय बसता येत नसे, ती एका अंगावर कलंडायची. शाळेत जायचं तर तिच्या पाठीच्या मापाची सीट हवी, म्हणून तिच्या सुतार बापाने घरीच घाट घातला. ओल्या प्लास्टरमध्ये तिला बसवून तो मागे सरला. खोलीत दोघंच होती. ती पहिल्यांदाच ताठ बसली.

"बाबा, राणीसारखी बसलेय ना?"

"राणीसाहेब, हलू नका, सिंहासन वाकडं होईल!"

तिला उचलून घेतल्यावर प्लास्टरचा कडक साचा उरला. त्या साच्यात त्याने फायबरचं कापड आणि चिकट रेझिन थापलं. वाळल्यावर आज सीट सोडवली आणि त्याचे हात थबकले. सीटवर दोन्ही कुशींपाशी बोटांचे ठसे उठून आले होते. त्याने आपली बोटं लावून पाहिली. ती फारच आखूड पडली.

तेवढ्यात आतल्या खोलीत एकटीच निजलेली लेक कळवळली, "बाबा, सोड ना आता! किती घट्ट धरशील?"