अरफातच्या एकसष्ट फायली

"फॉरमॅट सुरू होतो, टक्के चढायला लागतात आणि मधेच बंद पडतो," लॅपटॉप काउंटरवर ठेवत माहरुख म्हणाली. "चार वेळा झालं असं."

"विंडोज कोण घालत होतं?"

"मीच. लग्नाआधी इथेच महाडला कोर्स केला होता."

काउंटरमागे बसलेल्या मुरादने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि तिथेच थांबली. अर्धवट फॉरमॅट झालेल्या मशीनचं हे नेहमीचंच होतं.

"आतलं काही ठेवायचं होतं का?"

माहरुखने लॅपटॉपवर हात ठेवला. मग म्हणाली, "अरफातचे आवाज आहेत. रेकॉर्डिंग. फोटो गेले तरी चालतील."

अरफात म्हणजे तिचा नवरा. शाळेत तो मुरादच्या दोन वर्षं मागे होता. बहारीनला क्रेन चालवायचा. गेल्या रमजानच्या आधी तिथेच अपघातात गेला आणि दफनही तिथेच झाला. सवला, त्याच्या गावच्या घरी, एक बॅग आली आणि हा लॅपटॉप.

"काळजी करू नका, भाभी. फॉरमॅट अर्धा राहिला असला तर आतलं बरंचसं जागच्या जागी असतं."

"खरंच?" तिने विचारलं. आणि लॅपटॉपवरचा हात काढायला तिला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मुरादने डिस्क काढून दुकानाच्या संगणकाला जोडली. सगळं होतं. फोटो होते, पगाराच्या स्लिपा होत्या आणि एका फोल्डरमध्ये आवाजाच्या एकसष्ट फायली. प्रत्येकीला तारखेचं नाव. त्याने सहज कॅलेंडर पाहिलं, सगळे शुक्रवार. तिकडच्या सुट्टीचा दिवस. त्याने एकही फाईल उघडली नाही. आपल्याला सांगितलेलं नव्हतं ते.

राहिला प्रश्न बिघाडाचा. त्याने रॅम बदलून पाहिली. पंखा साफ केला. लॅपटॉपमध्ये दुकानातली दुसरी डिस्क घालून विंडोज टाकलं, तर चाळीस मिनिटांत बिनतक्रार पुरं झालं. म्हणजे दोष अरफातच्या डिस्कमध्येच असणार. ती तपासणारा एक प्रोग्राम त्याच्याकडे होता. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा पुसून, पुन्हा लिहून बघायचा. त्याच्या आधी आतलं सगळं उतरवून घेणं भाग होतं.

शुक्रवारी त्याने कॉपी लावली आणि जुम्याच्या नमाजला गेला. परत आला तेव्हा पडद्यावर एक छोटी चौकट होती. ती न वाचता त्याने ओके दाबलं आणि तपासणी सुरू केली.

संध्याकाळी निकाल आला. डिस्क ठणठणीत होती, एकही खराब जागा नाही. मग हा थांबत का होता? डोकं खाजवत त्याने उतरवलेलं फोल्डर उघडलं. फोटो होते. स्लिपा होत्या. आवाजाचं फोल्डर रिकामं होतं. दुकानाच्या संगणकातली जागा संपली होती. त्या चौकटीत तेवढंच लिहिलेलं असणार.

कॉपी झाली की दोन-चार फायली उघडून बघायच्या, ही त्याची नऊ वर्षांची सवय. त्या एका दिवशी त्याने ती पाळली नव्हती. पुढचे दोन दिवस त्याने दुकान अर्धं उघडं ठेवून त्याच डिस्कवर माहीत असलेला प्रत्येक प्रोग्राम फिरवला. आत काहीच उरलं नव्हतं.

तिला दुकानात बोलवायचं त्याच्या जिवावर आलं. सोमवारी तो स्वतःच लॅपटॉप घेऊन सवला गेला. खरं ते सांगायचं, रिक्षात त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दार अरफातच्या आईने, नुरजहाँने उघडलं. तिच्या मागून तीन वर्षांची तसनीम धावत आली आणि मुरादच्या हातातल्या बॅगेला बिलगली.

"अब्बा आले," ती म्हणाली.

"हिला तो यातच ऱ्हातो असं वाटतंय रे," नुरजहाँ म्हणाली. "दर जुम्याला पोरीसाठी गोष्ट सांगून ठेवायचा. आठवडा झाला, बोलत नाय म्हणून रुसून बसलीय."

मुराद खाली बसला. जुळवलेली वाक्यं तोंडातून येईनात. समोर माहरुख चहा घेऊन उभी होती.

"विंडोज नवीन टाकलंय," तो म्हणाला. "फोटो मिळाले. आवाज मात्र नाही मिळाले, भाभी."

तिने कप खाली ठेवला. "एकही नाही?"

"डिस्कच खराब होती," मुराद म्हणाला. बोलताना त्याची नजर कपावर होती. "खराब जागा आली की फॉरमॅट तिथे थांबायचा. आवाज नेमके त्याच जागी होते. ते आधीच गेले होते. कोणी काही करू शकलं नसतं."

मग माहरुखने सासूला पोरीला अंगणात न्यायला सांगितलं. त्या दोघी उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"पोर जेवायला बसली की या लॅपटॉपलाच घास भरवायची," ती म्हणाली. "म्हणून पुसायचं ठरवलं. पण टक्के चढायला लागले की मला बघवायचं नाही. डिस्क चांगली होती, मुरादभाई. चारही वेळा बॅटरी मीच ओढून काढली. पाचव्यांदा बॅटरी ओढायला आपला हात उठणार नाही अशी भीती वाटली, म्हणून तुमच्याकडे सांभाळायला दिला होता."