हक्काचा वकील

होडी बेफाम चालवून प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, असा सिलासवर आरोप होता. तो सिद्ध झाला तर नोरो बंदर ते गिझो बेट ही त्याची होडीची फेरी कायमची बंद, वर तुरुंग. तारखेच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गिझोच्या कोर्टात वेळेवर पोचला. नोरोहून येणारा त्याचा वकील मात्र आलाच नाही.

"वकील नाही तर नाही, आजच उरकून टाकू या," सरकारी वकील म्हणाले.

"उरकायला हे काय मासे साफ करणं आहे?" मॅजिस्ट्रेटबाई कडाडल्या. "वकील आला नाही, यात आरोपीचा काय दोष? बाजू मांडायला वकील असणं हा त्याचा हक्क आहे. पुढची तारीख देते."

सिलासचा जीव भांड्यात पडला. बाईंनी तिथूनच वकिलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अहो, तुमचा अशील इथे एकटा उभा आहे. तुम्ही आहात कुठे?"

"माफ करा, बाई. सकाळी धक्क्यावर गेलो होतो मी. पण गिझोला एकच होडी निघाली होती…

आणि ती सिलास चालवत होता."